जीपला वेसण

१४ मार्च १९७१

ही डायरी मागल्या सालची आहे. रेल्वेच्या नोकरीतून उतरताना पतपेढीने दिली होती, ती ट्रंकेत कोरीच राहिली. पानावर शनिवार छापलाय, खरा वार रविवार. तारखा बरोबर, वार तेवढे एक घर मागे. चालेल. माझं वयही तसंच एक घर मागे राहिलं असतं तर बरं झालं असतं. आमची मंडळी, गंगाबाई, म्हणाली, "शिळ्या वहीत काय ताजं लिवणार?" म्हटलं, लिहिण्यासारखं घडलंय.

आज दारात जीप आली.

लढाईच्या वेळची आहे. मिलिटरीने लिलावात काढली, मग खोपोलीच्या एका ठेकेदाराने दगड वाहायला वापरली, आणि आत्ताच्या निवडणुकीत तिच्यावर कर्णे बांधून कोणी कोणी घसा कोरडा करून घेतला. टपाच्या सळयांवर दोरीचे वळ अजून दिसतात. बाकी अंग धड आहे. पोशीरमध्ये आमच्या बौद्धवाड्यात चाकाची म्हणून याआधी फक्त बैलगाडी होती, तीही माझीच. बैलजोडी आणि गाडी विकून टाकली. कळंबच्या बाजूचं दूध नेरळ स्टेशनला पहाटेच्या गाडीवर घालायचं, परतताना लोकांची बाजारहाट आणायची, असा बेत आहे. गाडी चालवायला भिसेगावच्या वाल्मिक मेकॅनिकने शिकवलं. लायसन आहे.

पोरंबाळं, बायामाणसं सगळी बघायला आली. पाठोपाठ सहदेव आला. त्याचं घर गावात, माझं वाड्यात, पण शेताचा बांध एकच. लहानपणी आम्ही त्या बांधावर एकाच वेळी खेकडे धरले आणि एकाच वेळी मार खाल्ला. सहदेव नव्या विळीलासुद्धा नारळ फोडणारा माणूस. जीपभोवती फिरला, चाकाला लाथ मारली, म्हणाला, "धर्माजी, खाणारे इकलेस आन् पिणारी आणलीस व्हय रं?" मग पिशवीतून नारळ काढला.

मी म्हटलं, "सहदेवा, तुला ठाऊक आहे. आमच्यात नाही."

"तुमच्यात नाय, पर जीपमधी हाय का नाय ते इचारलंस का तिला?"

"लोखंडाला काय विचारायचं? लोखंड नियमाने चालतं. नियम समजून घेतला की झालं."

त्याने नारळ परत पिशवीत टाकला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. नारळाला घाई नसती."

१७ मार्च

पहिली फेरी. 

कळंबहून दुधाचे कॅन घेऊन निघालो. ओढ्याचा चढ आला तसं ॲक्सिलेटरचं पायडल दाबलं. चढ संपला, पाय उचलला. पाय वर आला, पायडल खालीच. गाडीला वाटलं, चढ अजून चालूच आहे. ती जी सुटली ती सुटली. घराशी थांबून चहा घ्यायचा होता. गंगाबाई कपबशी घेऊन दारात उभी होती. मी तिच्यासमोरून गेलो. तिने आधी हसून बघितलं, मग रागावून बघितलं, मग मला ती दिसेनाशी झाली. पारावर सहदेव बसला होता. त्याला वाटलं मी ऐट दाखवतोय, म्हणून त्यानेही टोपी काढून हलवली. करवंदीच्या जाळीपर्यंत गेल्यावर आठवलं की किल्ली बंद केली तर गाडी बंद होते. शिकवताना वाल्मिकने हे पहिलंच सांगितलं होतं. संकटात माणसाला पहिलं शिकलेलं शेवटी आठवतं.

दूध स्टेशनावर पोचलं, पण एका कॅनमध्ये वर लोणी तरंगत होतं. सहदेवला कसं कळलं कोण जाणे. संध्याकाळी दारात येऊन म्हणतो, "जीप नाय रं, रवी आणलीस रवी!"

१९ मार्च

वाल्मिक आला. ह्याचा बाप माझ्याबरोबर रेल्वेच्या गँगवर होता, म्हणून मला काका म्हणतो. बॉनेट उघडून खाली-वर बघितलं. पायडलपासून एक सळई निघते, ती मधल्या एका बिजागरीवरून वळते आणि इंजिनाच्या वरच्या अंगाला जाते. पाय काढला की सळई मागे ओढायला एक स्प्रिंग असते. ती सैल झाली होती. नवी घातली. पायडल कसं टणकन वर आलं! बेडकासारखं.

वाल्मिक गेल्यावर, एवढ्या मेहनतीला नजर लागू नये, म्हणजे गंज लागू नये असं म्हणायचंय, म्हणून मी बिजागरीला खुरासणीचं तेल सोडलं.

खुरासणीच्या तेलाबद्दल लिहून ठेवतो, पुढल्या पिढीला उपयोगी पडेल. डोंगरउतारावर जी काळी, बारीक खुरासणी पिकते तिचं तेल, कळंबच्या घाण्यावरचं. माझ्या बापाने गाडीच्या आसाला हेच घातलं. मी विहिरीच्या रहाटाला, दाराच्या बिजागरीला, गंगाबाईच्या केसांना आणि माझ्या गुडघ्यांना हेच घातलं. सगळी चालू आहेत. गँगवर साहेब लोक डब्यातलं वंगण द्यायचे, त्याला वास ना चव. आपलं ते आपलं.

२७ मार्च

पायडल पुन्हा बसलं. नेरळच्या वळणावर. घोडेवाल्यांचे घोडे माथेरानच्या वाटेला लागले होते, त्यांच्या मधून गेलो. घोडे शहाणे, बाजूला झाले. घोडेवाले नाही झाले. त्यांनी माझ्याबद्दल जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही.

जीपच्या मागच्या बाजूला खाली एक लिंबू आणि मिरच्या दोऱ्यात ओवून बांधलेल्या सापडल्या. गंगाबाईला विचारलं, "हे काय?"

"वाळत घातल्यात."

"जीपखाली?"

"तितं वारा चांगला लागतो."

बावीस प्रतिज्ञा तिने माझ्याबरोबरच घेतल्या, माझ्यापेक्षा मोठ्याने म्हटल्या. सोडून आणून लिंबाचं सरबत करायला सांगितलं. तिने ते केलं. साखर जरा कमी घातली.

३० मार्च

वाल्मिक आला. म्हणाला, बिजागरी चिकटलीय, मातीचा थर आहे. फडक्याने घासून पुसली. पायडल पुन्हा बेडूक. तो गेल्यावर तेलाच्या दोन धारा सोडल्या. मागल्या खेपेला एकच सोडली होती, कमी पडली असणार.

५ एप्रिल

आज पारावर जे झालं ते व्हायला नको होतं. पण तोंडातून गेलेलं आणि बंदुकीतून सुटलेलं परत येत नाही.

पायडल काल पुन्हा अडकलं होतं. मी पारावरून चालत येत होतो (चालत! जीप असून!). सहदेव चार माणसांत बसून म्हणाला, "अरं, तिला कुनी नारळ दाखवला नाय, म्हून ती तोंड वर काढीत नाय. लाजती बिचारी."

सगळे हसले. मीही हसलो असतो. पण त्यातला एक जण म्हणाला, "ह्यांनी देव सोडले, देवांनी ह्यास्नी सोडलं." आणि मग कोणी हसलं नाही. सहदेव त्याच्याकडे वळून म्हणाला, "तू गप रं." पण माझं डोकं तोवर तापलं होतं.

मी पारासमोर उभा राहून म्हटलं, "ऐका. पायडल अडकतं त्याला कारण आहे, आणि ते मी शोधणार. बुद्धपौर्णिमेला पोशीर ते कळंब, कळंब ते पोशीर जीप नेऊन दाखवतो. पायडल एकदा जरी अडकलं, तर ह्याच पारासमोर, ह्याच हाताने जीपला नारळ फोडीन."

सहदेवचं तोंड उतरलं. म्हणाला, "आसं कशाला बोललास?"

घरी येऊन हात बघत बसलो. दीक्षा घेतली त्या साली ह्याच हातांनी घरातले देव गोणत्यात भरून नदीत सोडले. बापाच्या बापापासूनचे टाक होते. ते सोपं नव्हतं. पण सोडले ते सोडले. आता एका पायडलापायी त्या हातात पुन्हा नारळ घ्यायचा? मग आम्ही केलं ते काय होतं, पोरांनी विचारलं तर काय सांगू? जीप विकता येते, शब्द विकता येत नाही.

पायडलला तेल घातलं. जरा जास्तच घातलं.

१४ एप्रिल

जयंती. बाबासाहेबांचा फोटो जीपवर लावून मिरवणूक काढायची असं ठरलं होतं. ढोल-लेझीमच्या चालीने गाडी हळू चालवायची म्हणजे पायडलवर पाय ठेवायचा, उचलायचा, ठेवायचा, उचलायचा. आमच्या पायडलला ते जमणारं नव्हतं. मी म्हटलं, "इंजिनाचा धूर फोटोला लागू नये. आपण जीप हाताने ढकलत नेऊ." लोकांना ते फार पटलं. सगळा वाडा मिळून जीप ढकलत नेली, म्हातारेसुद्धा. नेरळहून आलेले पाहुणे म्हणाले, अशी शिस्त आणि असा आदर कुठे पाहिला नाही. माझा सत्कार केला. हार घेताना मान वर करवेना.

सहदेव रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. त्याने सत्य ओळखलं असणार. तरी ओढ्याच्या चढावर येऊन त्यानेही मागून हात लावला.

२१ एप्रिल

सहदेव हल्ली रोज पहाटे येतो आणि न विचारता शेजारच्या सीटवर बसतो. म्हणतो, नेरळला काम आहे. रोज कसलं काम? स्टेशनावर कॅन उतरेपर्यंत थांबतो, बिडी ओढतो, परत येतो. मला कळतं, माझी फजिती बघायला येतो. बघू दे. बैलगाडीतसुद्धा असाच बसायचा, पण तेव्हा मागे बसून झोपायचा. आता पुढे बसतो आणि डोळा लावत नाही. जीप सुटली की दोन्ही हातांनी पुढची दांडी धरतो आणि तोंडाने "हो, हो, हो, हो" करतो, बैल बुजल्यावर करतात तसं. उतरताना जीपच्या बाजूला थाप मारतो.

वाल्मिकला आज पुन्हा बोलावलं. बिचारा वैतागलाय. म्हणाला, "काका, आख्ख्या कर्जत-खालापुरात इतक्या जीपा बघितल्या, आसं कुठं झालं नाय. तुमी ह्याला ग्रीसबिस काय लावता काय?"

"ग्रीसचा एक थेंब नाही लावला."

"ऑइल?"

"गाडीचं ऑइल मी हातात धरत नाही."

शब्दन् शब्द खरा सांगितला. तो डोकं खाजवत सळई काढून घेऊन गेला, वाकली आहे का बघतो म्हणाला.

२३ एप्रिल

सळई सरळच होती. परत बसवली. वाल्मिक म्हणाला, एकदा इंजिन पुरं थंड असताना आणि एकदा तापलेलं असताना बघायला पाहिजे. मला त्यात काही अर्थ दिसला नाही. पोरगं गुणी आहे, पण अनुभव कमी.

आज कळंबच्या घाण्यावरून तेलाचा मोठा डबा आणला. गंगाबाई खूश झाली. म्हणाली, पौर्णिमेला खिरीबरोबर पुऱ्या करू.

२९ एप्रिल

सहदेवने आज जीपला वेसण घातली.

झालं असं. धामोत्याच्या पुढे पायडल बसलं. मी किल्लीकडे हात नेला तर सहदेव म्हणाला, "थांब रं. परत्येक येळी बंद करतोस, परत हँडल मारतोस, दूध नासवतोस." खाली वाकला आणि हाताने पायडल वर ओढलं. आलं की! मग कनवटीची सुंभाची दोरी काढली, पायडलच्या टोकाला गाठ मारली, दुसरं टोक हातात धरून बसला. म्हणाला, "बैल आसो का जीप, नाकात दोरी पायजेल."

मग काय विचारता. मी दाबायचो, तो ओढायचा. मी "ओढ" म्हटलं की ओढायचा. स्टेशनापर्यंत कशी झोकात गेलो! पण परत येताना मीच म्हटलं, "सहदेवा, हे दुधासाठी ठीक. पौर्णिमेला वेसण चालणार नाही. पैजेत दोरी नव्हती."

"माज्यासंगती लावलीस पैज, मला इचार चालंल का नाय."

"नाही. ते फसवणं होईल."

त्याने दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "आन् नाय सुधारली तर काय, इकशील तिला?"

"नारळ फोडल्यावर ती दारात बघवणार नाही मला."

मला वाटलं होतं, त्याला आनंद होईल. त्याने नुसती बिडी पेटवली, तीही उलट्या टोकाने.

६ मे

पायडलने आठवडाभर छळ मांडलाय. वाल्मिक येतो, घासतो, जातो. सरळ होतं म्हणून मी तेल घालतो, की पुन्हा बिघडतं. जणू तेलाच्या वासावरच टपलेलं असतं. रात्री झोप नाही. गंगाबाई म्हणाली, "फोडून टाका एक नारळ, हाय काय न् नाय काय." मी म्हटलं, "आणि मग विहारात कोणत्या तोंडाने बसू?" ती म्हणाली, "बसायला तोंड कुटं लागतं?" बोलण्यात तिला कोण हरवणार! पण मग उठून तिने माझे गुडघे चोळून दिले.

९ मे

उद्या पौर्णिमा. वाल्मिक येऊन सगळं घासूनपुसून गेला. पायडल कबुतराच्या मानेसारखं वर-खाली होतंय. आता कसर ठेवायची नाही. संध्याकाळी डबा घेतला आणि बिजागरी, सळई, स्प्रिंग, पायडलचं भोक, सगळ्यांना अभ्यंगस्नान घातलं. खाली थारोळं झालं इतकं. मग इंजिन तापवून तेल चांगलं मुरू दिलं.

मनाने आता शांत आहे. आपल्या हातात होतं ते केलं.

१० मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी वंदना झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही ह्याला, मी रोजच्यासारखाच सूर लावला. पुढे काय वाढून ठेवलंय त्याची कल्पना नव्हती.

पारासमोर गाव आणि वाडा दोन्ही गोळा झालेले. वाल्मिक भिसेगावहून मुद्दाम जेवायलाच आला होता. सहदेव माझ्या आधीच सीटवर बसलेला. मी म्हटलं, "तू कशाला?" तर मोठ्याने म्हणाला, "पैज लावलीय, साक्षीला कुनी नको?"

निघालो. गाव मागे पडेपर्यंत पायडल शहाण्यासारखं वागलं. ओढ्याचा चढ आला. दाबलं. चढ संपला, पाय उचलला. पायडल खाली. संपलं, असं मनात आलं तोच पायडल आपोआप वर आलं!

मी चकित. सहदेवकडे बघितलं. तो समोर बघत होता, हात मांड्यांच्या मधे. कळंबच्या बाजारात वळलो तिथे पुन्हा बसलं आणि पुन्हा आपोआप वर आलं. तिसऱ्या वेळी मला त्याच्या धोतराच्या सोग्यातून सुंभाचं टोक दिसलं.

"सहदेवा!"

"काय?"

"दोरी."

"कसली दोरी? करगोटा हाय माजा."

"करगोटा माझ्या पायडलला बांधलाय?"

"म्होरं बघ, म्हस आलीया."

खरंच म्हैस आली होती. दाबलं, वळवलं, त्याने ओढलं. तसेच परत आलो. पारासमोर उभी केली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाड्यातल्या पोरांनी जयभीमचा गजर केला. सहदेव उडी मारून उतरला आणि हात वर करून म्हणाला, "एकदाबी नाय अडाकलं! मी हरलो! धर्माजी जिकला!"

मी स्टेअरिंग धरून बसलो होतो. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण सकाळचा सूर अजून घशात होता.

खाली उतरलो. म्हटलं, "अडकलं. बऱ्याचदा अडकलं."

सहदेव म्हणाला, "कवा अडाकलं? मी बाजूलाच बसलो व्हतो. मला नाय दिसलं."

"तूच तर वर ओढलंस."

"मी? म्हाताऱ्याला ऊन लागलंय. पानी द्या रं कुनीतरी."

"सहदेवा, खोटं बोलू नको."

"तुज्या धर्मात नसंल चालत. माज्यात दोस्तासाठी येक माफ हाय."

पारावर हशा पिकला. मला हसू येईना. मी त्याच्यापुढे हात केला, "नारळ दे." तो देईना. पिशवी पाठीमागे लपवली, लहान पोरगं पेरू लपवतं तशी. मी पिशवी ओढली, त्याने ओढली, नारळ निसटून माझ्या हातात आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, तोही पारासमोर, सगळ्यांच्या देखत. जड लागला.

सहदेव जवळ आला. आवाज खाली उतरवून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "देव सोडलेस तवा मी पलीकडच्या काठाला व्हतो. गोणत्यावरनं तुजे हात सुटत नव्हते, तरी मागं वळून बघितलं नाय. मला वाईट वाटलं, पर म्हटलं, गडी हाय. आता त्येच हात माज्यामुळं मागं फिरले तर मला गोड लागंल का रं?"

शब्द दिला होता. शब्द पाळला तर हात जात होता, हात राखला तर शब्द जात होता. असा मी नारळ धरून उभा, आणि तेवढ्यात वाड्याच्या बाजूने गंगाबाई आली. हातात तेलाचा डबा, पालथा.

"अवो! पुऱ्या लाटून ठेवल्यात! गेल्या म्हैन्यात आनलेला मोठा डबा, त्यात टिपूस नाय! त्याल कुनी खाल्लं?"

मी म्हटलं, "पायडलला घातलं."

"कशाला?"

"पायडलला. जीपच्या."

वाल्मिक बसल्या जागचा उठला. "काका! खायाचं त्याल? कधीपासनं?"

"तू नवी स्प्रिंग घातलीस त्या दिवसापासून. तू साफ करून गेलास की घालायचो. पुन्हा बिघडू नये म्हणून."

त्याने कपाळाला हात लावला. मग बॉनेट उघडलं आणि बिजागरीवर नखाने खरवडलं. नखाला तपकिरी, चिवट, गुळाच्या पाकासारखं काहीतरी आलं. त्याला काही समजावून सांगायची वेळच आली नाही. गंगाबाईने वाकून बघितलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाली, "ह्यो तर माज्या कढईचा काठ! ऊन लोखंडावर खुरासणीचं त्याल पडलं की आसंच चिकाट व्हतं. वाळलं की डिंक. माती बसली की दगड. मी वर्सानुवर्स राख लावून कढई घासती, तवा कुटं गेला व्हतात?"

"मग मला सांगायचं नाही?"

"मला काय ठावं, तुमी जीपमधी पुऱ्या तळताय!"

यावर पार जो हसला, तो मला वाटतं नेरळच्या स्टेशनात ऐकू गेला असेल. मी एवढा वेळ कारण शोधत होतो, ते माझ्याच हातातल्या डब्यात होतं. नारळवाल्यांना मी सांगत होतो, नियम समजून घ्या. आणि स्वतः बापाच्या तेलाला एकदाही विचारलं नाही, बाबा, तुझा नियम काय?

तरी मी म्हटलं, "कारण सापडलं ते खरं. पण पैज पैज आहे. पायडल अडकलं."

सहदेव कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "आता मी बोलतो. पैज पायडलाची व्हती. पायडल चांगलं हाय. आडवा आला तो तू. मग नारळ फोडायचा तर तुज्या टकुऱ्यावर फोडावा लागंल. फोडू?"

"फोड," मी म्हटलं.

"नको. नारळ महाग हाय."

गंगाबाईने पुढे होऊन नारळ माझ्या हातातून काढून घेतला. "द्या हिकडं. पुऱ्या तर ऱ्हायल्या, खिरीत खोबरं तरी पडंल." घराच्या उंबऱ्याशी बसून तिने कोयत्याच्या पाठीने त्याचे दोन तुकडे केले आणि खवणीला लावले. सगळ्या गर्दीत कोणाच्या मनातही आलं नाही की पैज फिटली की नाही फिटली. मलासुद्धा खीर वाढल्यावर आठवलं.

सहदेव पहिल्यांदाच आमच्या पंगतीला सगळ्यांत बसून जेवला. दोनदा खीर मागून घेतली. खोबरं घातल्याने चव आली, असं तीनतीनदा सांगत होता.

१२ मे

वाल्मिकने सगळे जोड सोडवून रॉकेलमध्ये बुडवून ठेवले. रॉकेल चहासारखं झालं. मग डब्यातलं मशीनचं तेल, एकेक थेंब, काडीने लावलं. ते काम त्याने स्वतः केलं. मला बाजूच्या ओट्यावर बसवून ठेवलं आणि गंगाबाईला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं.

संध्याकाळी दाराच्या बिजागऱ्या आणि विहिरीचा रहाट तपासला. दार गेली काही वर्षं जड लागत होतं, ते मी वयावर ढकललं होतं. त्यातलाही डिंक निघाला रॉकेलने. गुडघ्यांना मात्र खुरासणीचंच लावणार आहे. गुडघे काही इंजिनाएवढे तापत नाहीत.

२४ मे

जीप रोज जाते. पायडल दाबलं की खाली, सोडलं की वर, सांगितल्यासारखं. कळंबच्या वरच्या अंगाची आणखी घरं दूध द्यायला लागली. लोणी तरंगत नाही. सहदेव म्हणतो, त्याचंच थोडं वाईट वाटतं.

दोरी त्याने स्वतःच सोडून घेतली. पण नेरळचं काम अजून संपलेलं नाही त्याचं. पहाटे मी दिवा घेऊन बाहेर येतो तेव्हा तो आधीच जीपशी उभा असतो. मी कॅन चढवण्यात गुंतलोय असं बघून तो बॉनेटला हळूच हात लावतो, तोच हात कपाळाला लावतो, आणि मग खाकरून सीटवर चढतो. त्या वेळी मी पलीकडे माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून उभा राहतो. तो चढून बसल्याचा आवाज आला की वळतो.

आज त्याने विचारलंच. "रोज उटून तिकडं काय बघतोस रं?"

"ढग आलाय का बघतो," मी म्हटलं.

नशिबाने डोंगरावर एक लहानसा ढग खरंच होता.